सेक्रोपिया: उत्तर अमेरिकेतला सगळ्यात मोठा पतंग आणि त्याच्या मागे लागलेली माशी

प्रेअरीकर

पानगळ उरकली की आमच्या गावात, म्हणजे इलिनॉयमधल्या अर्बानात, लोकांच्या कुंपणांकडे टक लावून बघत फिरायची मला खोड आहे. लायलॅक, चेरी, बॉक्स एल्डर, कोवळे मेपल यांच्या उघड्या काटक्यांवर मधेच एखादं वाळकं पान अडकलेलं दिसतं. बाकीची पानं वाऱ्यावर हलतात, हे ढिम्म हलत नाही. जवळ जाऊन पाहावं तर सात-आठ सेंटिमीटर लांबीची, करड्या रंगाची चिवट कागदी पिशवी, लांबीच्या बाजूने अख्खी फांदीला चिकटवलेली. हा सेक्रोपियाचा कोष. शास्त्रीय नाव हायलोफोरा सेक्रोपिया. लिनियसने १७५८ मध्येच याची नोंद करून ठेवली आहे.

कोषाला हळूच टिचकी मारायची. आत काही जड, भरीव हललं तर प्यूपा, म्हणजे अळी आणि पतंग यांच्या मधल्या अवस्थेतला जीव, जिवंत आहे. वाळक्या शेंगेचा खुळखुळाट आला तर संपलं. आणि पिशवीला नीटस भोक दिसलं तर सुतारपक्षी आधीच जेवून गेला आहे.

मेक्सिकोच्या उत्तरेला याच्याएवढा दुसरा देशी पतंग नाही. पंख पसरले की १३ ते १८ सेंटिमीटर. वस्ती रॉकी पर्वतांच्या पूर्वेला, कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियापासून खाली फ्लोरिडापर्यंत. कुळ सॅटर्निडी, म्हणजे आपल्याकडचे टसरचे पतंग, अॅटलास मॉथ, मून मॉथ ही सगळी याची भावकी. अंग वीटकरी लाल, त्यावर पांढरे आडवे पट्टे. पंख राखी-काळपट, कडेने लाल-पांढरी पट्टी, चारही पंखांवर लाल किनारीची एकेक पांढरी चंद्रकोर. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा खरा वाटत नाही, कुणीतरी रंगवून ठेवलाय असं वाटतं.

पतंग झाल्यावर याला खाता येत नाही. तोंडाचे अवयव नावापुरते उरलेले असतात. अळी असताना जी चरबी साठवली असेल तिच्यावर आठवडा, फार तर दोन आठवडे निभावायचं. त्यामुळे मादी वेळ दवडत नाही. कोषातून बाहेर पडून पंख वाळले की पहाटे, उजाडण्याच्या आधी, एका जागी बसून पोटाच्या टोकाकडून गंध सोडायला लागते. नराच्या मिशा रुंद, पिसांच्या. तो हा गंध दीड किलोमीटरहून लांबून हुंगत येतो. इथले हौशी लोक ताज्या मादीला जाळीच्या पिंजऱ्यात घालून परसात टांगतात, आणि पहाटे चारच्या सुमारास नर जाळीवर येऊन आपटायला लागतात. एकदा जोडी जमली की संध्याकाळपर्यंत सुटत नाही. मग मादी उडते आणि पानांवर दोन-दोन, चार-चार करत शंभराहून जास्त अंडी घालते.

दहा-चौदा दिवसांत अळ्या बाहेर येतात त्या काळ्या कुळकुळीत. कात टाकत टाकत पिवळट होतात, मग हिरव्या. शेवटच्या वयात (दोन कातींमधल्या काळाला अळीचं वय म्हणतात) दहा सेंटिमीटरहून लांब, बोटाएवढी जाड, निळसर झाक असलेली हिरवी अळी. खांद्याशी लाल-केशरी गोंडे, पाठीवर पिवळे, बाजूंनी निळे. एवढा भपका असून पानांत बसली की दिसत नाही. जमिनीवर पडलेली लेंडी बघून वर मान करायची, तेव्हा कुठे सापडते.

आमच्या गावाचं या पतंगाशी जुनं नातं आहे. इथल्या विद्यापीठातल्या गिल्बर्ट वॉल्डबाउअर आणि जेम्स स्टर्नबर्ग या दोन प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं शँपेन-अर्बानाच्या गल्ल्यांतून याचे कोष मोजले. त्यांना दिसलं की हा रानातला पतंग रानापेक्षा गावातच जास्त आहे. झाडावर उंच विणलेले कोष सुतारपक्षी फोडतात. झुडपाच्या बुडाशी, दाटीत विणलेले कोष त्यांच्या नजरेतून सुटतात, पण ते उंदरांच्या तावडीत सापडतात. गावातल्या बागांत ते रानउंदीर कमी, म्हणून बुडाशी विणणाऱ्यांचं फावतं. आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली: सगळे पतंग एकदम बाहेर येत नाहीत. थोडे मेच्या अखेरीस येतात, मग मधे खंड, आणि उरलेले बहुतेक जूनच्या अखेरीस.

इथे थांबते. प्रश्न आले तर प्रतिसादांत लिहीन.

मुक्ता_पा

खायचं नाही, प्यायचं नाही, जगायचं आठवडाभर, आणि त्यासाठी कोषात नऊ-दहा महिने! पुण्यात लग्नाच्या हॉलचं बुकिंग असतं तसं झालं हे. :)) एक बाळबोध शंका: तो कोष घरात उबेला आणून ठेवला तर? बाहेर उणे वीसमध्ये कुडकुडण्यापेक्षा बरं ना?

प्रेअरीकर

@मुक्ता_पा, मुळीच नको. हिवाळ्यात दिवाणखान्यात ठेवलेला कोष वेळेवर उघडत नाही, आणि क्वचित उघडलाच तर बाहेर बर्फ आणि जोडीदार कुणी नाही. कोष आणायचाच असेल तर उंदीर शिरणार नाही अशा जाळीत घालून उघड्या पडवीत ठेवायचा. थंडी याला सोसावी लागते असं नाही, ती याला लागतेच. यावर आपल्या धाग्यांवरचे कीटकवाले जास्त सांगतील.

प्रयोगशाळा_क्र_३

बोलावल्याबद्दल आभार, कारण सेक्रोपिया हा आमच्या विषयातला देवमाणूस आहे.

हार्वर्डच्या कॅरॉल विल्यम्सने १९४० च्या दशकात नेमका हाच प्रश्न धरला: प्यूपाला थंडी का लागते? त्याने काही प्यूपे अनेक आठवडे शीतकपाटात ठेवले, काही उबेतच ठेवले. थंडी खाल्लेले उबेत आणल्यावर पतंग झाले, बाकीचे महिनोन्महिने तसेच पडून राहिले. मग त्याने थंडी खाल्लेल्या प्यूपाचा मेंदू काढून न खाल्लेल्यात बसवला, आणि तो आडमुठा प्यूपाही वाढायला लागला. म्हणजे थंडी मोजतो तो मेंदू. मेंदूतून संप्रेरक सुटतं, ते छातीतल्या ग्रंथीला जागं करतं, आणि ग्रंथीचं संप्रेरक बाकी शरीराला पतंग व्हायला लावतं. हे सिद्ध करायला त्याने प्यूपाचं नुसतं पोट वेगळं केलं, कापलेल्या तोंडाशी प्लॅस्टिकची चकती मेणाने बसवली. ते पोट तसंच राहिलं. त्यात मेंदू आणि ग्रंथी दोन्ही बसवल्यावर ते पतंगाचं पोट झालं. डोकं नाही, पंख नाहीत, आणि मादीच्या अशा पोटाने अंडीसुद्धा घातली.

१९५६ मध्ये त्याच विल्यम्सला नर सेक्रोपियाच्या पोटात एक सोनेरी तेल सापडलं. कीटकाला बाल्यावस्थेतच अडकवून ठेवणारं संप्रेरक. दुसऱ्या कीटकाच्या प्यूपाला ते नुसतं लावलं तरी तो धड पतंग होत नाही, अर्धवट राहून मरतो. विल्यम्सच्या लगेच ध्यानात आलं की हे कीटकनाशक होऊ शकतं. आज डासांच्या अळ्या मारायला वापरतात ते मेथोप्रीन याच घराण्यातलं.

शंकेखोर

पतंगाच्या पोटाला चकती लावून अंडी घालवली म्हणे! यातलं किती खरं आणि किती तिखटमीठ?

प्रयोगशाळा_क्र_३

@शंकेखोर, सगळं छापील आहे, मीठ एक चिमूटही नाही. हे ऐका, याहून अचाट आहे. १९६०च्या दशकात कारेल स्लामा नावाचा चेक शास्त्रज्ञ प्रागहून आपले लाल-काळे ढेकूण (खाटेतले नव्हेत, झाडांवरचे) घेऊन विल्यम्सच्या प्रयोगशाळेत आला. प्रागमध्ये वर्षानुवर्षं सुरळीत वाढणारे ते ढेकूण हार्वर्डमध्ये मोठे होईनात. कात टाकायचे आणि पुन्हा मोठं पिल्लूच व्हायचे, शेवटी तसेच मरायचे. पाणी बदललं, अन्न बदललं, उपयोग शून्य. अखेर दोष निघाला बशीत अंथरलेल्या टिपकागदाचा. तो अमेरिकी कागद होता. मग त्यांनी वर्तमानपत्रं अंथरून पाहिली. न्यूयॉर्क टाइम्सवर ढेकूण मोठे होईनात, लंडनच्या नेचर मासिकाच्या पानांवर व्यवस्थित मोठे झाले! अमेरिकी कागद बाल्सम फर या झाडाच्या लगद्याचा असे, आणि त्या झाडात कीटकाच्या बाल-संप्रेरकाची नक्कल करणारं द्रव्य असतं. झाडाने हे अस्त्र आधीच काढून ठेवलं होतं.

शंकेखोर

माझी तलवार म्यान. वाचनखूण साठवली.

प्रयोगशाळा_क्र_३

जाता जाता: १९८०-८१ च्या सुमारास स्वीडनमध्ये हान्स बोमनच्या गटाने याच सेक्रोपियाच्या प्यूपांना जिवाणू टोचले, आणि त्यांच्या रक्तात जिवाणू मारणारी छोटी प्रथिनं सापडली. त्यांना सेक्रोपिन म्हणतात. कीटकांकडे आपल्यासारखी प्रतिपिंडं नाहीत, तरी ते सडून का जात नाहीत, याचं पहिलं ठोस उत्तर तिथे मिळालं.

बे_स्टेट_बंडू

मस्त चाललाय धागा. पण माझी तक्रार ऐका. मी बॉस्टनच्या उपनगरात राहतो. बागकाम करतो, कुंपणं छाटतो, पण असा कोष कधी एकदा दिसेल तर शपथ. शेजारच्या आजीबाई म्हणतात, त्यांच्या लहानपणी पोरं हे कोष खिसे भरभरून आणायची. मी दिव्यांचा दोष समजत होतो. रस्त्यावरचे दिवे पतंगांना खेचतात, तिथे वटवाघळं आणि पक्षी टपलेले असतात. एवढंच कारण आहे का?

प्रेअरीकर

@बे_स्टेट_बंडू, दिव्यांचा हात असेलच. पण दिवे आमच्याकडेही आहेत, आणि आमच्याकडे कोष सापडतात. तुमच्याकडे जे झालं त्याचं मूळ तुमच्याच शेजारच्या मेडफर्ड गावात आहे. थोडं लांबण लावते.

१८६० च्या दशकात मेडफर्डच्या मर्टल स्ट्रीटवर एतिएन लेओपोल्ड ट्रूव्हेलो नावाचा फ्रेंच गृहस्थ राहायचा. पोटाचा धंदा चित्रकारी, वेड रेशमाचं. युरोपातल्या रेशीमकिड्यांना तेव्हा पेब्रीन रोगाने घेरलं होतं. ट्रूव्हेलोने ठरवलं, अमेरिकेच्या जंगली पतंगांपासून रेशीम काढायचं. सेक्रोपिया आणि त्याची भावंडं तपासून त्याने पॉलीफिमस हा पतंग निवडला. घरामागच्या पाच एकर रानावर जाळं पसरून त्याखाली अळ्या सोडल्या. एका हंगामात दहा लाख अळ्या चरत होत्या असं त्याने स्वतः १८६७ मध्ये लिहिलं आहे.

इथपर्यंत ठीक. मग १८६८-६९ च्या सुमारास याच खटाटोपात त्याने युरोपातून आणखी एका पतंगाची अंडी आणली, लिमँट्रिया डिस्पार. पूर्वी त्याला जिप्सी मॉथ म्हणत, २०२२ पासून स्पाँजी मॉथ म्हणतात. त्यातल्या काही अळ्या निसटल्या. ट्रूव्हेलोने पुढे कीटकांचा नाद सोडला, हार्वर्डच्या वेधशाळेत जाऊन शनी, सूर्यावरचे डाग, धूमकेतू यांची अप्रतिम चित्रं काढली आणि १८८२ मध्ये फ्रान्सला परत गेला. चंद्रावर त्याच्या नावाचं विवर आहे. मेडफर्डवर त्याच्या अळ्या होत्या. १८८९ मध्ये अख्ख्या गावाच्या झाडांना पान उरलं नाही, अळ्या भिंतींवरून घरात शिरल्या. पुढच्या वर्षी राज्य सरकार मैदानात उतरलं: अंड्यांचे पुंजके हाताने खरवडायचे, झाडं जाळायची, आर्सेनिक फवारायचं. शिशाचं आर्सेनेट हे कीटकनाशक या मोहिमेतूनच निघालं. अळ्या काही हटल्या नाहीत.

मग विचार झाला, युरोपात हिला कोण खातं ते आणू. १९०६ मध्ये आली कॉम्प्सिल्युरा कॉन्सिनाटा, घरमाशीएवढी एक साधी करडी माशी. ती अळीवर अंडी घालत नाही. पोटाखालच्या आकड्याने अळीचं कातडं टोचते आणि आत जिवंत किडाच सोडते. किडा आतून खातो, दहा-बारा दिवसांत अळी फाडून बाहेर येतो आणि मातीत कोष करतो.

घोळ वेळापत्रकात आहे. स्पाँजी मॉथच्या अळ्या वर्षातून एकदा असतात, मे ते जुलै. उरलेलं बहुतेक वर्ष तो पतंग अंड्यातच. माशीच्या मात्र वर्षाला तीन-चार पिढ्या होतात, आणि हिवाळा काढायला तिला दुसऱ्या एखाद्या अळीचं किंवा प्यूपाचं शरीर लागतं. म्हणजे ज्या शत्रूसाठी आणली त्याच्यावर एकट्यावर ती जगूच शकत नाही. तिला दुसरं काहीतरी खावंच लागतं, आणि तिच्या ताटात आता दीडशेहून जास्त जातींची नावं आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये पानांवर ठळक बसलेली मोठी अळी कुणाची? सेक्रोपियाची.

हे मोजलं कुणी तर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या जॉर्ज बोएटनर आणि जोसेफ एल्किंटन यांच्या गटाने. १९९७ मध्ये त्यांनी सेक्रोपियाच्या ५०० अळ्या रानात झाडांवर ठेवल्या. पाचव्या वयाच्या पुढे एकही जगली नाही. लहान वयाच्या अळ्यांच्या वेगळ्या चाचणीत जेवढ्या मेल्या त्यांत या एका माशीचा वाटा ८१ टक्के निघाला. निष्कर्ष २००० साली छापून आले. तोवर ती माशी अमेरिकेत पुन्हा पुन्हा सोडून झाली होती, अगदी १९८६ पर्यंत.

बे_स्टेट_बंडू

हे वाचून गप्प बसलो. मर्टल स्ट्रीटवरून मी दर शनिवारी किराणा आणायला जातो हो!

वैनगंगाकाठ

भंडाऱ्याहून. माशीचं वर्णन वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे हिची सख्खी बहीण आहे. इकडे भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर भागात ढिवर समाजाचे लोक ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पाळतात. पॉलीफिमसच्याच कुळीतला पतंग, अँथेरिया मायलिटा. अळ्या उघड्यावर असतात म्हणून दिवसभर गलोल घेऊन राखण करायची, कावळा, साळुंकी, मुंगी, सगळ्यांचा डोळा. पण गलोलीला न जुमानणारी म्हणजे उझी माशी. ती अळीच्या अंगावर पांढरं टिकलीएवढं अंडं चिकटवते. किडा आत शिरला की त्या जागी काळा डाग पडतो. जाणती माणसं डाग बघूनच अळी बाजूला काढतात. कोष झाला तरी आतून भोक पाडून किडा बाहेर पडतो आणि त्या कोषाचा धागा सलग निघत नाही, भाव पडतो.

एक विचारायचं होतं: सेक्रोपियाच्या कोषाचं रेशीम काढत नाहीत का? एवढा मोठा कोष वाया?

प्रेअरीकर

वैनगंगाकाठ दादा, फार मोलाचा प्रतिसाद. टसरचा कोष टणक आणि बंद, दांड्याने फांदीला लटकलेला. आतला पतंग तोंडाकडून पाझरणाऱ्या रसाने एक टोक भिजवून मऊ करतो आणि वाट काढतो. सेक्रोपिया वेगळी युक्ती करतो: अळी विणतानाच एका टोकाला धागे सैल सोडते, आतून ढकललं की उघडणारं, बाहेरून न उघडणारं दार. शिवाय कोष दोन पदरी, बाहेरचा जाड आणि आतला गुळगुळीत, मधे पोकळ भुसभुशीत भर. अशा विणीतून सलग धागा उलगडत नाही, फार तर पिंजून सूत कातता येतं. व्यापाराला ते परवडलं नाही.

वाया मात्र गेला नाही. कॅलिफोर्नियात याचा सख्खा भाऊ आहे, हायलोफोरा युरायलस. तिथल्या पोमो, मिवोक वगैरे मूळ लोकांनी त्याच्या रिकाम्या कोषांत खडे भरून काठीला बांधून खुळखुळे केले. उपचार आणि विधींच्या वेळी ते वाजवतात.

पपईवाला

जळगाव. एवढं वाचून लोक म्हणतील परदेशी कीटक आणणं म्हणजे पापच. म्हणून दुसरी बाजू मांडतो. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला दिसला आणि बघता बघता महाराष्ट्रापर्यंत आला. पांढरा कापूस चिकटल्यासारखी झाडं, फवारून फवारून खिसा रिकामा. २०१० मध्ये बंगळूरच्या संस्थेने पोर्तो रिकोहून असेरोफॅगस पपाये ही बारीक गांधीलमाशी आणवली आणि सोडली. ढेकूण आटोक्यात आला, फवारणी थांबली. ती गांधीलमाशी त्या ढेकणाशिवाय दुसऱ्या कुणाच्या वाटेला जात नाही. म्हणून दोष परदेशीपणाचा नाही. जे दिसेल ते खाणारा प्राणी आणला, हा दोष.

प्रेअरीकर

+१. अगदी हेच. आणि अन्याय नको म्हणून कॉम्प्सिल्युराच्या बाजूचंही लिहिते. युरोपातूनच आलेला ब्राउनटेल नावाचा दुसरा एक पतंग आहे, त्याच्या अळीचे केस लागले की अंगाला भयंकर खाज. एके काळी तो न्यू इंग्लंडभर, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, पसरला होता, मग मेन आणि केप कॉडच्या किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यापुरता उरला. एल्किंटन यांच्याच गटाने २००६ मध्ये दाखवलं की त्याला मागे रेटण्यात या माशीचा मोठा हात होता. त्यामुळे बंडूराव, तुमच्या अंगाला खाज नाही त्याचे आभार आणि कुंपणावर कोष नाही त्याच्या शिव्या, दोन्ही एकाच पत्त्यावर पाठवा.

मुक्ता_पा

मला काही माहीत नाही, मला एक कोष हवाय. जूनमध्ये येताय ना पुण्याला? चिवड्याच्या रिकाम्या डब्यात घालून आणा की. कस्टमवाल्यांना काय कळतंय. ;)

प्रेअरीकर

डब्यात अंडी घालून समुद्र ओलांडणाऱ्या माणसाची एवढी गोष्ट सांगितली, त्यावर ही मागणी! नाही हो बाई. भारतात तर नाहीच, पण पान खाणारा जिवंत पतंग इलिनॉयहून शेजारच्या इंडियानात न्यायचा तरी केंद्राच्या कृषी खात्याचा परवाना काढावा लागतो. ही बंधनं मेडफर्डच्या धड्यातूनच आली. १९०५ च्या अमेरिकी कीटक कायद्यात ट्रूव्हेलोच्या पतंगाचं आणि ब्राउनटेलचं नाव घालून त्यांची ने-आण बंद केली होती. माशी आली त्याच्या पुढच्या वर्षी, रीतसर, सरकारी खर्चाने.